लागली की लावली?

(पोस्ट मोठी आहे. निवांत वेळ असेल तरच वाचा. अर्धी वाचून कमेंट करू नका, एवढी विनंती.)

मागच्या आठवड्यात स्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेत होतो. शेजारी दोन पोरं. विषय पाणीपट्टीवरून निघाला, नगरपालिकेवर गेला, तिथून दिल्लीला पोचला आणि शेवटी एकजण म्हणाला, "या देशाला एक हिटलरच पाहिजे. सगळे सरळ होतील." दुसऱ्यानं मान डोलावली. चहावाला हसला. मी काहीच बोललो नाही.

हे वाक्य मी कॉलेजपासून ऐकतोय. आपल्याकडे स्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर हिटलरच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद असतोच, तोही व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांच्या शेजारी. पोरांना त्यात शिस्त दिसते. त्यांना दोष देत नाही. शाळेत दुसरं महायुद्ध आपण दोन पानांत उरकलेलं असतं.

मी गप्प बसलो त्याचं कारण वेगळं होतं. त्या दिवशी माझ्या पिशवीत एक कादंबरी होती, तिची शेवटची शंभरेक पानं उरली होती. त्या कादंबरीनं माझी झोप उडवली होती, आणि ती हिटलरमुळे नाही, माझ्यामुळे.

कादंबरीचं नाव 'द काइंडली वन्स'. लेखक जोनाथन लिटेल. जन्म न्यूयॉर्कचा, पण पुस्तक लिहिलं फ्रेंचमध्ये. २००६ साली आलं आणि त्याच वर्षी फ्रान्समधला सगळ्यात मानाचा गाँकूर पुरस्कार त्याला मिळाला. इंग्रजी अनुवाद २००९ चा. लिटेलनं त्याआधी बोस्निया, चेचन्या अशा ठिकाणी मदतसंस्थेसाठी काम केलेलं, म्हणजे युद्ध त्यानं नुसतं ग्रंथालयात पाहिलेलं नाही. मला ही प्रत पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाली. हजाराच्या आसपास पानं. बायको म्हणाली, "हे काय उशाला घ्यायला आणलंय का?" माझं इंग्रजी तालुक्याच्या पत्रकाराचं. मोबाईलवर शब्द बघत बघत चार महिने लागले.

गोष्ट सांगतो मॅक्स आउए नावाचा माणूस. युद्धानंतर हा फ्रान्समध्ये लेसच्या कारखान्याचा मॅनेजर आहे. बायको-पोरं आहेत, प्रतिष्ठा आहे. पण युद्धात हा एसएसचा अधिकारी होता. कायद्याचा डॉक्टर, संगीताचा दर्दी, प्लेटो आणि फ्लोबेर वाचणारा. सुरुवातीलाच तो वाचकाला बजावतो, की मला पश्चात्ताप नाही आणि माझ्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही बहुधा हेच केलं असतंत.

मग तो आपल्याला युक्रेनला नेतो. कीव्ह शहर, सप्टेंबर १९४१. जर्मन सैन्यानं शहर घेतलेलं. भिंतींवर हुकूम लागतात, की सगळ्या ज्यूंनी कागदपत्रं, पैसे, दागिने, गरम कपडे घेऊन अमुक ठिकाणी हजर व्हावं. लोकांना वाटलं, दुसरीकडे हलवणार. २९ आणि ३० सप्टेंबर या दोन दिवसांत बाबी यार नावाच्या घळीत ३३,७७१ माणसं गोळ्या घालून मारली. हा आकडा कुणा विरोधकानं काढलेला नाही. मारणाऱ्यांनीच बर्लिनला पाठवलेल्या अहवालात तो लिहिलाय. शेवटच्या एकापर्यंत मोजून.

पत्रकार म्हणून मी त्या आकड्यापाशी थांबलो. एवढा चोख आकडा. आमच्याकडे यात्रेला किती लोक आले याचाही एवढा चोख आकडा कुणी देत नाही.

आणि ते अहवाल लिहिणारे कोण? अडाणी गुंड नव्हेत. त्या भागात हत्या करत फिरणाऱ्या पथकांचा प्रमुख ऑटो राश याच्या नावामागे दोन डॉक्टरेट होत्या. दुसऱ्या पथकाचा प्रमुख ओहलेनडॉर्फ कायदा आणि अर्थशास्त्र शिकलेला. त्यानं न्यूरेंबर्गला साक्षीत शांतपणे सांगितलं, की आमच्या पथकानं साधारण नव्वद हजार माणसं मारली. कादंबरीत एक मोठं प्रकरण आहे. कॉकेशसच्या डोंगरात राहणाऱ्या एका जमातीचे लोक रक्तानं ज्यू, की फक्त धर्मानं, हे ठरवायला तज्ज्ञ बोलावले जातात. भाषेचे, वंशाचे. परिषद भरते, पेपर वाचले जातात. प्रश्न एकच, या लोकांना मारायचं की सोडायचं. सगळं कसं शिस्तीत! टपरीवरच्या पोराला पाहिजे होती तीच शिस्त.

आता या माणसाच्या घरची गोष्ट. ती समजायला एक जुनं ग्रीक नाटक माहीत पाहिजे.

एस्किलस नावाच्या नाटककारानं इसवी सनापूर्वी ४५८ मध्ये अथेन्समध्ये तीन नाटकांची माळ सादर केली. 'ओरेस्तिया'. राजा आगामेम्नॉन ट्रॉयच्या युद्धाला निघताना वारा मिळावा म्हणून स्वतःच्या मुलीचा बळी देतो. दहा वर्षांनी जिंकून घरी येतो तेव्हा त्याची बायको क्लायटेम्नेस्ट्रा आणि तिचा प्रियकर त्याला मारतात. मग मुलगा ओरेस्टिस बापाचा सूड म्हणून आईला मारतो. बहीण इलेक्ट्रा त्याच्या बाजूनं, जिवाभावाचा मित्र पायलाडीस सोबत. आईचं रक्त सांडल्याबरोबर एरिनीज नावाच्या भयंकर देवता त्याच्या मागे लागतात. कुत्र्यांसारख्या रक्ताचा माग काढत.

आउएची गोष्ट नेमकी याच साच्यात बसवलीय. त्याचा जर्मन बाप पहिल्या महायुद्धानंतर नाहीसा झालेला. फ्रेंच आईनं दुसरं लग्न केलं, त्याचा त्याला विलक्षण राग. जुळ्या बहिणीवर नको तितका जीव. थॉमस नावाचा मित्र. युद्धाच्या मध्यावर तो फ्रान्सच्या दक्षिणेला आईच्या घरी जातो. रात्री झोपतो. उठतो तेव्हा घरात आई गळा दाबून मारलेली आणि सावत्र बाप कुऱ्हाडीनं तोडलेला. आउए म्हणतो, मला काही माहीत नाही, मी झोपलो होतो. आणि निघून जातो.

पुढे दोन पोलीस त्याचा माग काढत राहतात. वरून प्रकरण बंद होतं तरी हे दोघं सोडत नाहीत. बर्लिन कोसळतंय, रशियन शिरलेत, तरी हे आपले चौकशीला हजर. याच त्या एरिनीज.

समीक्षेत याला अविश्वसनीय निवेदक म्हणतात, म्हणजे ज्याच्या शब्दावर विसंबता येत नाही असा गोष्ट सांगणारा. मला वाटायचं, असा निवेदक म्हणजे थापाड्या. आउए थापाड्या नाही. बाबी यारचं तो इतकं बारीक सांगतो, की पुस्तक मिटून बाहेर ओट्यावर येऊन बसावं लागतं. तारखा बरोबर, हुद्दे बरोबर, कुणाच्या टेबलावरून कुठला कागद कुठं गेला तेही बरोबर. फक्त स्वतःच्या हातानं घरात काय केलं, तेवढंच त्याला आठवत नाही. स्टालिनग्राडला त्याच्या डोक्यातून गोळी आरपार जाते. वाचणारा म्हणतो, डोक्याला मार आहे, विसरला असेल बिचारा. पण तो काय काय विसरतो ते बघा. जे विसरणं सोयीचं तेच.

इतिहासात असे निवेदक खरेही होऊन गेले. हिटलरचा मंत्री आल्बर्ट श्पेअर वीस वर्षं तुरुंगात काढून १९६६ ला सुटला आणि १९६९ मध्ये त्यानं आठवणी लिहिल्या. पुस्तक जगभर खपलं. त्याचं म्हणणं, ज्यूंच्या हत्येचं मला नेमकं माहीत नव्हतं, मी माहिती करून घ्यायला हवी होती. ऑक्टोबर १९४३ मध्ये पोझेन गावात हिमलरनं पुढाऱ्यांसमोर हत्येबद्दल उघड भाषण केलं, तिथं आपण भाषणाच्या वेळी नव्हतो, असं तो सांगत राहिला. त्यानंच १९७१ साली लिहिलेलं एक खाजगी पत्र २००७ मध्ये उजेडात आलं. त्यात त्यानं लिहिलंय, मी तिथं होतो. तोवर तो मरून पंचवीसेक वर्षं झाली होती. 'चांगला नाझी' म्हणून.

आता माझं.

सोळा-सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या भागातल्या एका गावाबाहेर भटक्या समाजाची चौदा पालं होती. गावात चोरी झाली, संशय पालावर गेला, आणि एका रात्री चौदाच्या चौदा पालं जळाली. माणूस कुणी दगावलं नाही. शेळ्या गेल्या, धान्य गेलं, रेशनकार्डं गेली, महत्प्रयासानं काढलेले जातीचे दाखले गेले. मी तेव्हा एका पेपरचा तालुका वार्ताहर. पत्रकारितेचा डिप्लोमा नवा नवा, अंगात उत्साह. सकाळी सातला मोटारसायकलवर पोचलो. फोटो काढले, बोललो, दुपारी बातमी पाठवली. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दोन कॉलम, माझ्या नावानिशी. मथळा होता, 'पालांना आग लागून चौदा कुटुंबे उघड्यावर'.

महिन्याभरानं तहसीलसमोर त्या पालातली एक मावशी भेटली. पंचनाम्याच्या कागदासाठी खेटे घालत होती. मला ओळखलं. म्हणाली, "भाऊ, पोरानं पेपर वाचून दावला. तुमी लिवलं, आग लागली." थोडं थांबून म्हणाली, "लागली का लावली?"

मी काहीतरी बोललो. पोलिसांचा तपास चालू आहे, आम्हाला तसंच लिहावं लागतं, वगैरे. ती म्हणाली, "बरं." आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

एका वेलांटीचं, एका काना-मात्रेचं अंतर नाही हो. लागली म्हटलं की करणारा कुणी उरत नाही. मराठीत ही सोय आहेच. काच फुटली, पैसे संपले, पोरगं मार खाऊन आलं. जर्मन साहेब लोकांनीही भाषेची अशीच सोय करून घेतली होती. मारणं म्हणायचं नाही. 'विशेष वागणूक' म्हणायचं, 'स्थलांतर' म्हणायचं, 'कारवाई' म्हणायचं. फायलीत कुठंही रक्त नाही. आउएचं काम पुष्कळदा काय असतं? जाऊन बघायचं आणि अहवाल लिहायचा. मी बघणारा आहे, अशी त्याची स्वतःबद्दलची समजूत. (बाबी यारला तो स्वतःही गोळ्या झाडतो, ते सोडा.) जाऊन बघायचं आणि लिहून पाठवायचं, हे साधारण माझंच काम.

तुलना करत नाहीये. तिथं तेहतीस हजार माणसं, इथं चौदा पालं. तशी तुलना करणं हा मेलेल्यांचा अपमान होईल. वाक्याच्या घडणीबद्दल बोलतोय.

त्या बातमीबद्दल मी इतकी वर्षं स्वतःला एक गोष्ट सांगत आलो. पोरांना पत्रकारितेवर बोलायला बोलावतात तिथंही सांगितलीय. गोष्ट अशी, की त्या सकाळी घाबरलेल्या लोकांनी कुणाचंच नाव घेतलं नाही. मी विचारलं, पण कुणी बोललं नाही. नाव नसताना बातमीत काय लिहिणार? पुढे केस उभी राहिली, साक्षीदार फितूर झाले, सगळे पुराव्याअभावी निर्दोष सुटले. तेव्हाही मी म्हणालो, बघा, लोक बोलतच नाहीत.

आउएच्या आईच्या खुनाचं प्रकरण वाचून झालं त्या रात्री मला झोप येईना. का ते कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची पेटी काढली. माझ्या जुन्या डायऱ्या मी टाकत नाही. ती डायरी सापडली. तारीख सापडली. माझंच अक्षर, घाईघाईतलं. पालं १४. बंब पहाटे आला, रस्त्यात अडकला. शेळ्या ९. आणि खाली, त्याच पानावर, मावशीचं म्हणणं आणि तीन नावं. तीन. एका नावाखाली मी दोनदा रेघ मारलेली.

मी पेटीपाशीच बसून राहिलो.

विश्वास ठेवा, मला हे आठवत नव्हतं. खोटं बोलत नव्हतो मी इतकी वर्षं. पालं किती, शेळ्या किती, बंब किती वाजता आला, हे सगळं तोंडपाठ होतं. नावं तेवढी गेली होती. माझ्या डोक्यातून तर काही गोळी गेलेली नाही.

आणि हेही सांगतो, त्या दिवशी मला कुणाचा फोन आला नव्हता. संपादकांनी दबाव टाकला नाही. जाहिरात बंद करायची धमकी नव्हती. तसं असतं तर बरं झालं असतं, आज बोट दाखवायला कुणीतरी असतं. त्या तिघांपैकी एकाशी माझी उठबस होती, एवढंच. परत जाताना वाटेत त्यांच्याच घरी चहा घेतला होता. त्यांनी सांगितलं, "आम्ही तर विझवायला गेलो होतो." मी तेही लिहिलं नाही. मला वाटलं, दोन्ही बाजू सोडून दिल्या म्हणजे तटस्थ झालो.

कादंबरीत आउए एके ठिकाणी ग्रीकांबद्दल बोलतो. म्हणतो, ग्रीकांच्या लेखी गुन्हा ठरवताना हेतूला महत्त्व नाही, कृतीला आहे. इडिपसला ठाऊक नव्हतं की वाटेत मारलेला म्हातारा आपला बाप आहे. तरी दोष लागलाच. पु. लं.नी हे नाटक 'राजा ओयदिपौस' म्हणून मराठीत आणलं, जुन्या लोकांना आठवत असेल. 'मला माहीत नव्हतं' म्हणून इडिपस सुटू बघत नाही. तो स्वतः चौकशी लावतो, स्वतःपर्यंत पोचतो आणि स्वतःचे डोळे फोडून घेतो. आउएला हे सगळं पाठ आहे, आणि तरीही तो स्वतःची चौकशी करत नाही. विद्वत्तेचा त्याला उपयोग एवढाच, की प्रत्येक प्रश्नाला सुंदर उत्तर तयार असतं.

शेवट सांगून टाकतो, ज्यांना वाचायचीय त्यांनी माफ करा. बर्लिनमध्ये मित्र थॉमस त्याचा जीव वाचवतो. आणि आउए त्या मित्रालाच मारून, त्याच्याकडची फ्रेंच कामगाराची कागदपत्रं घेऊन पळतो. ओरेस्टिसनं निदान मित्र मारला नव्हता. पुस्तकाचं नाव येतं ते अगदी शेवटच्या वाक्यात. 'दयाळू देवता' म्हणजे त्याच एरिनीज. ज्याची भीती वाटते त्याला गोड नावानं हाक मारायची रीत आपल्याकडेही आहे. देवीचा रोग यायचा तेव्हा म्हातारी माणसं रोग म्हणायची नाहीत, "देवी आल्या" म्हणायची. तसंच हे.

पण एस्किलसच्या नाटकाचा शेवट वेगळा आहे आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. अथेन्समध्ये खटला भरतो. ओरेस्टिस म्हणतो, होय, मी मारलं. नाकारत नाही. मतं सारखी पडतात, तो सुटतो. सूडदेवता चिडतात, या जमिनीवर विष ओतून ती नापीक करू म्हणतात. तेव्हा अथीना त्यांना हाकलून देत नाही. तुमचं इथं स्थान राहील, मान राहील, असं म्हणून त्यांना शहरातच जागा देते. आरोपी सुटला म्हणून त्या रक्ताचा राग खोटा ठरला नाही. त्याला शहरात जागा मिळाली, तेव्हा कुठं शहर शांत झालं. आउएच्या गोष्टीत कबुलीही नाही आणि खटलाही नाही. म्हणून ती संपत नाही.

आमच्याकडे खटला झाला. माणसं सुटली. पण पालातल्या लोकांच्या म्हणण्याला जागा कुठंच मिळाली नाही. ना निकालात, ना पेपरात. पेपरात द्यायचं काम माझं होतं.

ती तीन नावं मी इथं लिहिणार नाही. न्यायालयानं सोडलंय. आणि डायरीतली नोंद म्हणजे पुरावा नाही, एका बाईनं एका पत्रकाराला सांगितलेलं आहे ते. पण तिनं सांगितलं होतं. लोक बोलले नाहीत असं मी जिथं जिथं म्हणालो, ते चूक होतं. लोक बोलले होते. मी लिहिलं नाही.

परवा त्या मावशीच्या मुलाचा पत्ता काढून गेलो. तो आता शेजारच्या तालुक्यात ट्रॅक्टरवर आहे. मावशी तीन वर्षांपूर्वी गेली. डायरीच्या पानाची झेरॉक्स त्याला दिली. त्यानं वाचली, घडी केली, खिशात ठेवली. म्हणाला, "आई म्हणायची, त्या पत्रकाराला सांगितलं हुतं." मी माफी मागितली. तो म्हणाला, "आता काय करू मी ह्याचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दाखल्यांचं अजून रखडलंय म्हणाला, पोरीच्या शिष्यवृत्तीला लागतो. ते काम अंगावर घेतलंय. त्यानं काही फिटत नाही, हे मला माहीत आहे.

टपरीवरच्या त्या पोरांना काय सांगायचं ते अजून नीट जुळत नाही. हिटलर एकटा काही करू शकला नसता, हे तर पुस्तकात असतंच. पण त्याला बंदुकवाले लागले तेवढेच 'आग लागली' असं लिहिणारेही लागले. आणि ते पैसे देऊन आणावे लागले नाहीत.

मित्रहो, आमच्या धंद्यातल्या नव्या पोरांना एवढंच सांगेन. बातमी पाठवण्याआधी क्रियापद एकदा तपासा.

आणि त्या गावातलं कुणी हे वाचत असेल, तर मथळा दुरुस्त करतोय. उशिरा का होईना.

पालांना आग लागली नव्हती. लावली होती.